काचेवरची साय

जेवायला बोलावलं की आमचे वरच्या खोलीतले भाऊ आधी एक प्रश्न विचारायचे. "वयनी, तुपाचं काही आहे का?" आहे म्हटलं की लगेच दुसरा, "मंग उद्या जेवलं तर चालन का?" आता पुरणाची पोळी कोणी उद्यापर्यंत तशीच झाकून ठेवतं का, बाप्पा. पहिल्या वर्षी मी ते फार मनाला लावून घेतलं. एकटा माणूस, सणाच्या दिवशी आपण मायेनं बोलवावं आणि यानं तुपाला नाक मुरडावं. दोन दिवस मी त्यांच्याशी जिन्यात बोलले नाही. मग आमच्या ह्यांनी खाली येऊन सांगितलं, "रागावू नको. त्यायले उद्या फोटो काढायचा आहे. तूप खाल्लं की थुंकी तेलकट होते म्हणे."

मी म्हटलं, काय होते?

"थुंकी. तेलकट होते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही तो शब्द आठवून हसत होतो. पण सांगते, त्यात काही खोटं नव्हतं.

अमरावतीला आमच्या घराच्या माडीवर दोन खोल्या आहेत, तिथे ते नऊ वर्षं राहिले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली, काचेची भांडी सांभाळण्यात आयुष्य गेलेलं. लग्न केलं नाही. एक बहीण चांदूर रेल्वेला, तीच दिवाळीला डबा घेऊन यायची. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला लागतात, जमिनीच्या भांडणात पडतात. यांनी कॅमेरा घेतला, आणि तोही पाण्यात बुडवायला.

म्हणजे पूर्ण बुडवायचा नाही. तेच तर सगळं होतं. कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पेटीत बंद करायचा. पेटीच्या तोंडाशी एक फुगीर काच, चांगली कढईएवढी, उपडी ठेवली तर देवळाच्या कळसाखाली असतो तसा घुमट. ते तिला घुमटच म्हणायचे. हा घुमट बरोबर पाण्याच्या काठावर धरायचा, अर्धा आत, अर्धा बाहेर. मग एकाच फोटोत वर आभाळ, झाड, माणूस, आणि खाली पाण्यातलं जग. मधून पाण्याची रेघ. मी पहिला फोटो पाहिला तो आमच्या गच्चीवरच्या हौदाचा. वर माझे वाळत घातलेले परकर, खाली हौदात तरंगणारं वांगं, तेही अर्धं वर, अर्धं खाली. मी म्हटलं, "भाऊ, परकर काहून घेतले?" म्हणाले, "परकराकडं पाहू नोका. वर एक तरी थेंब दिसते का, सांगा."

थेंब हा त्यांचा वैरी. पाण्यातल्या अर्ध्या काचेचं काही नसतं, तिथे पाणीच पाणी. बाहेरच्या अर्ध्या काचेवर मात्र थेंब चिकटून बसतात, आणि फोटोत त्यांचे हे मोठे मोठे फोड होतात. "फोटोले देवी निघाल्या," असं ते म्हणायचे. चांगल्या फोटोवर एक जरी फोड दिसला तरी अख्खा फोटोच पुसून टाकायचे. मी म्हणायची, असू द्या हो, एवढा एक. त्यावर ते म्हणत, "चेहऱ्यावर देवीचा वण असला तर माणूस लपवते. मी पुसून टाकतो, एवढाच फरक."

मग मला शिकवायला बसायचे. मला शिकायचं नव्हतं, पण ते शेंगा सोलत असलेल्या माणसाच्या समोर येऊन बसत, म्हणजे उठता येत नसे. काच पूर्ण कोरडी ठेवावी, नाहीतर पूर्ण ओली. "पाण्याशी खेळायचं आन् कोरडं राहायचं, हे फक्त पुढाऱ्यायले जमते, वयनी. आपण ओलंच राहावं." ओलं कसं, तर एकसारखं. काचेवर थेंब थेंब न बसता पाण्याची एक पातळ साय बसली पाहिजे, दुधावर बसते तशी. साय धरली की काच दिसतच नाही. पण ती लवकर फाटते. फाटली की थेंब. म्हणून काचेवर थुंकायचं, ती थुंकी बोटानं सगळीकडे घासायची, काच पाण्यात बुडवायची, उचलायची, आणि मोजायला लागायचं. एक, दोन, तीन. सातापर्यंत साय टिकते. सातच्या आत फोटो.

गच्चीवरून सकाळी त्यांचा आवाज यायचा, थू, आणि मग शांतता, आणि मग एक, दोन, तीन. शेजारच्या बाईनं एकदा मला विचारलं, तुमच्या भाडेकऱ्याला दमा आहे का. मी म्हटलं, नाही, फोटोग्राफी आहे.

या थुंकीसाठी त्या माणसानं तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा सोडला. इकडे खर्रा सोडणं म्हणजे काय ते इकडच्यालाच कळेल. चाळीस वर्षं गालात होता. वडिलांनी सांगून सुटला नाही, डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून दाखवलं तरी सुटला नाही. पण घुमटावर पिवळा ओघळ दिसला आणि त्या दिवसापासून बंद. बहिणीनं आनंदानं पेढे वाटले. भाऊ तिला म्हणाले, "तुह्यासाठी नाही सोडला. काचेसाठी सोडला." फोटोच्या दिवशी तूप नाही, तळलेलं नाही, चहासुद्धा कोरा. खिशात चिंचेचं बुटूक, तोंडाला पाणी सुटावं म्हणून.

थुंकी सोडून दुसरं काही नाहीच का, असं मी विचारलं होतं. त्यांनी सगळं करून पाहिलं होतं, रिठ्याच्या फेसापासून कोरफडीच्या गरापर्यंत. भेंडीच्या चिकानं तर काच तीन दिवस बुळबुळीत राहिली. एक बटाटा तेवढा खरा निघाला. बटाटा कापून काचेवर घासायचा, बुडवायचा, साय पाचापर्यंत टिकते. "पण पाच म्हणजे सात नाही," असं म्हणायचे. तरी त्यांच्या पिशवीत एक बटाटा कायम असायचा, जुन्या हातरुमालात गुंडाळलेला. कधी ताप आला, तोंड कोरडं पडलं, तर दुसरा आधार. महिन्याला तो बटाटा बदलायचे. जुना माझ्याकडे यायचा, "वयनी, भाजीत टाका" म्हणून.

आता पदराची गोष्ट सांगते, कारण तीच पुढे आडवी आली. एकदा गच्चीवर घुमट उन्हात ठेवला होता आणि त्यावर धूळ होती. मी कपडे काढायला गेले होते. आपला हात काय, आपोआप चालतो. लेकराचं तोंड, देवाची समई, ह्यांचा चष्मा, सगळं आपण पदरानंच पुसत आलो. मी घुमट उचलला आणि पदरानं लख्ख केला. चांगला चमकला. मनात म्हटलं, माणसाचं काम सोपं झालं.

संध्याकाळी भाऊ खाली आले. ओरडले नाहीत. घुमट माझ्यासमोर धरला, बोटानं तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. पाणी गोल गोल मण्यांसारखं उभं राहिलं, अळूच्या पानावर राहतं तसं. म्हणाले, "वयनी, तुमच्या पदरावर फोडणी आहे."

पदरावर फोडणी असणारच. दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या पदरावर तेलाचा हात लागतोच, केसांचं खोबरेलही लागतं. आणि जिथे तेल तिथे साय धरत नाही. चार दिवस ते काच धूत होते. त्यानंतर मी तिला कधी हात लावला नाही, शपथेवर सांगते.

माझं माहेर तेल्हाऱ्याकडचं. तिकडे खारपाण पट्टा. हापशीचं पाणी तोंडात घेतलं तर थुंकून टाकावं असं, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आमच्या गावात मात्र एक गोडी विहीर आहे. आसपासच्या चार गावांत तेवढं एकच गोड पाणी. पायऱ्यांची विहीर, काळ्या दगडाची. तिथे चप्पल घालून कोणी उतरायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, उष्टा हातसुद्धा बुडवायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण गावात कोणी मोडलं नाही. आणि तिच्या एका पायरीवर ओळीनं खळगे आहेत. घागर टेकवून टेकवून दगड झिजला. प्रत्येक घरच्या बायकांची जागा ठरलेली, सुनेला सासू दाखवून द्यायची. माझी माय सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या गावात आली, तिची जागा डावीकडून तिसरी. साठ वर्षं तिनं तिथे घागर टेकवली.

मग गावात नळ आला. चांगलं झालं, माझ्या मायची कंबर वाचली. पण विहिरीचं पाणी उपसणं बंद झालं आणि ते चढत गेलं. खळग्यांची पायरी पाण्याखाली गेली, तिच्यावर आणखी दोन पायऱ्या गेल्या. त्या उन्हाळ्यात गावानं ठरवलं की लेकरं पडतील, विहिरीवर सिमेंटचा स्लॅब टाकून द्यावा. मी माहेरी गेले तर माय ओट्यावर बसून, जेवत नाही नीट, बोलत नाही.

"काय झालं माय?"

"काही नाही. थे विहीर झाकून राहिले."

"मंग? तू तर आता जातही नाहीस तिकडं."

"गेली होती परवा. वरून पाह्यलं. पाण्यात आभाळच दिसते बाई. माहा खळगा नाही दिसला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "एकडाव पाहाचा होता."

एवढंच. मायनं जन्मात कधी काही मागितलं नव्हतं, साडीसुद्धा आम्ही आणायची ती. मी अमरावतीला आले, जिना चढून वर गेले आणि भाऊंना सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पाणी नितळ आहे का, आणि स्लॅब कधी पडते. मी म्हटलं, पाणी आरशासारखं आहे, आणि येत्या सोमवारी. तेव्हा गुरुवार होता. शनिवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही निघालो. प्रवासात त्यांनी पोह्यांचा एक घाससुद्धा खाल्ला नाही, फोडणीचे होते म्हणून.

मायला मी सांगितलं, हे भाऊ पाण्याखालचा फोटो काढतात. माय म्हणाली, "नुसता खळग्याचा नोको. वर मी पायजे. नाहीतर कोण म्हणन का हा माहाच होय?"

भाऊ खूश झाले. म्हणाले, "माय, तुमीच माह्या कामाची बाई आहा. अर्धं वर, अर्धं खाली, हेच तर आपलं काम."

आणि तिथून सगळं बिघडायला लागलं. आधी त्यांनी अंगणात हापशीच्या पाण्यानं घुमट धुतला. खारं पाणी ते, सवय नाही. उन्हात दोन मिनिटांत वाळलं आणि काचेवर पांढरे ठिपके. ते पिशवीत धुवायचं फडकं शोधत होते, मी चहा ओतत होते, तेवढ्यात मायनं घुमट मांडीवर घेतला, "असा मळका घेऊन चालले व्हय," म्हणाली आणि पदरानं पुसला. मी किटली टाकून धावले, पण झालं होतं. भाऊंनी वर पाहिलं. मायकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "घरचीच रीत दिसते."

विहिरीवर गेलो. पाय धुतले, उतरलो. मायला मी धरून पाण्यावरच्या दुसऱ्या पायरीवर बसवलं, नऊवारीचा काठ नीट केला. पायऱ्यांच्या बाजूला दगडी ओटा पाण्याला टेकलेला आहे, भाऊ त्यावर पालथे पडले. घुमट बुडवला, उचलला. एक म्हणायच्या आत काचभर मणी. पुन्हा बुडवला. तेच. पदर आपलं काम करून बसला होता.

मग त्यांनी चिंचेचं बुटूक तोंडात टाकलं, गाल हलवले, आणि घुमट तोंडाजवळ नेला.

"भाऊ." मायचा आवाज मोठा नव्हता. "काय करून राहिले?"

"काचेले थुका लावतो माय. त्यानं थेंब धरत नाहीत."

"मंग थे काच पाण्यात घालान?"

"हाव."

"गोडीत?"

भाऊंचा हात तोंडाजवळच थांबला.

"मी खळगा नाही पाह्यला तर चालन," माय म्हणाली. "साठ वर्सं पाणी प्याली हिचं. उद्या झाकतीन, परवा कोणी पाहाले नाही येत, हे मले समजते. पण उष्टं थे उष्टं."

मी मध्ये पडले. म्हटलं, माय, आता पितं कोण हे पाणी? माय म्हणाली, "तू गप राय." ती पायरीला हात टेकून उठायला लागली. तेवढ्यात भाऊंनी तोंडातलं चिंचेचं बुटूक गिळलं, बीसकट गिळलं, मी पाहिलं. म्हणाले, "बसा माय. नाही लावत."

ते ओट्यावर उठून बसले, घुमट मांडीवर. पिशवी शेजारी होती, तिच्यावर एक हात. माय त्या काचेकडे पाहत होती. मग विचारलं, "याच्यावर तेल बसलं म्हणून पाणी फुटते का?"

"हाव माय."

"तं तसं सांगा न. कंदिलाच्या काचा मी जन्मभर घासल्या. तेलाले राख." आणि मला म्हणाली, "जाय, चुलीतली राख आन. फडक्यातून गाळून आन."

मी भाऊंकडे पाहिलं. मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, पण एवढं कळत होतं की ज्या माणसानं मला पदर लावल्याबद्दल टोकलं होतं तो राख कशाला लावू देईल. त्यांनी पिशवीवरचा हात काढला. म्हणाले, "आना वयनी."

राख आणली, मैद्यासारखी गाळलेली. मायनं घुमट त्यांच्याकडून घेतला. डावा हात आतून धरावा तसा खाली धरला, उजव्या हातानं ओली राख लावून गोल गोल घासायला लागली. कंदिलाची काच घासताना ती जशी थोडी पुढे झुकून, ओठ मिटून बसायची, तशीच बसली होती. कितीतरी वर्षांनी तिच्या हाताला काम लागलं होतं. भाऊ समोर बसून तिच्या हाताकडे पाहत होते. मग मी तांब्यानं पाणी काढून पायरीच्या बाहेर नेऊन काच धुतली, आणि भाऊ पुन्हा पालथे पडले.

बुडवला. उचलला. मी मोजायला लागले, मला सवय झाली होती. एक, दोन, तीन. काच दिसत नव्हती, साय धरली होती. सात. आठ. माय वरून म्हणाली, "हसू का?" नऊला खटका वाजला. अकराव्याला पहिला थेंब फुटला. मी भाऊंना म्हटलं, "अकरा."

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर त्यांनी पिशवीतून हातरुमाल काढला आणि माझ्या हातात दिला. "घ्या वयनी, उद्या भाजीत टाका." मी घेतला, दुसऱ्या दिवशी भाजीत टाकला. बटाटा ताजा होता.

फोटो मोठा करून मायला नेऊन दिला. तोवर विहिरीवर स्लॅब पडला होता. खालचा अर्धा भाग असा आला होता की दगडाचे कंगोरे मोजावेत. हिरवट उजेडात ती पायरी, तिच्यावर ओळीनं खळगे. मायनं काठाकडून बोटानं मोजत आणलं, एक, दोन, आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. तिथेच ठेवून बसली. मग म्हणाली, "बाजूचा माह्या जावेचा. तिचा उथळ आहे पाहा, आळशी होती मेली." खूप वेळानं तिचं लक्ष वर गेलं. "आन् हे वर धुक्यात कोन बसली?"

"तूच की माय."

"मी व्हय? असू दे. मले तं मी रोजच दिसते."

वरचा भाग खरंच धूसर आला होता. थेंब एकही नव्हता, पण उन्हाची एक पांढरी झाक सगळीकडे. मला वाटलं, भर उन्हाळा होता, उन्हानंच तसं आलं असेल.

त्यानंतर भाऊंनी फोटो कमी केले. गच्चीवरून थू ऐकू येईना. मी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणाले, आणि गुडघे दुखतही होते. तूप खायला लागले, एका दिवाळीला माझ्या हातच्या चार पोळ्या खाल्ल्या. खर्रा मात्र पुन्हा धरला नाही. शेवटी बहिणीकडे चांदूर रेल्वेला राहायला जायचं ठरलं. माय त्याच्या आदल्या साली गेली, त्या फोटोखालीच गेली. सामान बांधताना त्यांनी घुमट माझ्याकडे आणून दिला. म्हणाले, "हा तुमच्याजवळ राहू द्या. तथी जागा नाही."

मी तो खिडकीशी धरला. ऊन तिरपं येत होतं. आणि मला काचेवर बारीक बारीक रेघा दिसल्या, केसाहून बारीक, गोल गोल फिरलेल्या. माय कंदिलाची काच घासताना हात जसा फिरवायची, तशाच. सगळ्या घुमटावर. पाण्याखाली त्या रेघा भरून निघतात, दिसत नाहीत, हे त्यांनीच मला पूर्वी शेंगा सोलताना शिकवलं होतं. बाहेर, उन्हात, त्यांचंच धुकं होतं.

मी विचारलं, "भाऊ, तुमाले ठाऊक होतं?"

"राख म्हटली तवाच."

"आन् बटाटा होता पिशवीत."

"होता."

"मंग काहून नाही काढला?"

ते दोरीची गाठ मारत होते. ती पुरी केली, ओढून पाहिली. मग म्हणाले, "माय घासून राहिली होती न, वयनी."

घुमट आता आमच्या बैठकीच्या खोलीत फळीवर आहे. त्याच्यावर धूळ बसते. रोज सकाळी झाडता झाडता माझा हात पदराकडे जातो, पदराचं टोक हातात येतं, आणि मी ते सोडून देते. मग स्वयंपाकघरातून तांब्याभर पाणी आणते आणि काचेवरून सोडते. पाणी मण्यांसारखं उभं राहत नाही, एकसारखं पसरतं. मी मोजते. अजून अकरापर्यंत टिकतं.